टॅग लावला म्हणजे वस्तू मोबाइलवर दिसतेच असं नाही

“मालाला आरएफआयडी टॅग चिकटवा, रीडर क्लाउडला जोडा, मग कोणती वस्तू या क्षणी कुठे आहे ते मोबाइलवर अचूक दिसेल.” हा दावा सगळीकडे फिरतो आणि त्याच भरवशावर यंत्रणा विकत घेतल्या जातात. आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींवरून ओळख पटवणं: वस्तूवर चिप असलेला टॅग, आणि तो दुरून वाचणारं यंत्र म्हणजे रीडर. दाव्याचा एकेक तुकडा तपासू.

“टॅग आपली जागा कळवतो.” नाही. गोदामात लागणाऱ्या साध्या यूएचएफ (उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या) टॅगला बॅटरीच नसते. रीडरने ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ पट्ट्यात सोडलेल्या लहरींवर चिप जागी होते आणि त्याच लहरी परतवून आपला क्रमांक, बहुधा ९६ बिटांचा, सांगते. जीपीएस नाही, सिम नाही. मोकळ्या जागेत साधारण ५ ते १० मीटरपलीकडे काहीच नाही. मोबाइलमधल्या एनएफसीला (फोन टेकवून पैसे देताना चालणारा वाचक) हा टॅग वाचताही येत नाही, तो १३.५६ मेगाहर्ट्झवर, काही सेंटीमीटरवरूनच चालतो.

“या क्षणी.” खरी गोम इथे आहे. क्लाउडला एवढंच ठाऊक असतं: अमुक टॅग अमुक अँटेनाला अमुक वेळी दिसला. दारावर सकाळी वाचलेला खोका दुपारी कोणी रीडर नसलेल्या रॅकवर हलवला, तर शोधात सकाळचंच उत्तर येत राहील. म्हणून निकालात जागेइतकीच ठळक वेळ दाखवा. ती वेळ रीडरने घातलेली हवी, सर्व्हरवर पोचल्याची नको. नाहीतर तुटलेलं नेट परत आलं की साठलेल्या जुन्या नोंदी ताज्या ठरतात. रीडरचं घड्याळ एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) जुळवलेलं ठेवा.

“अचूक.” सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढता येतं, असं यामागे गृहीत असतं. पण जमिनीवरून आणि रॅकवरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात. तरंगलांबी सुमारे ३३ सेंटीमीटर, त्यामुळे टॅग वीतभर सरकला तरी वाचन येतं किंवा जातं. धातूवर थेट चिकटवलेल्या साध्या टॅगच्या अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं (त्यासाठी वेगळे टॅग मिळतात), आणि पाणी लहरी शोषून घेतं.

“वाचत नसेल तर पॉवर वाढवा.” हा सल्ला देणाऱ्यांनी शेजारच्या दाराच्या नोंदी एकदा बघाव्यात: तिथला मालही इथे आल्याचं दिसू लागतं. आधी अँटेनाचा कोन बदला. वाचनं सेकंदाला शेकडो येतात, ती सगळी वर ढकलू नका. रीडरजवळच गाळून फक्त ‘आला’ आणि ‘गेला’ पाठवा. एक वाचन हुकलं म्हणून ‘गेला’ नोंदवू नका, काही सेकंद सलग दिसला नाही तरच.

प्रत्यक्ष शोध दोन टप्प्यांत होतो. क्लाउडवरून शेवटचा विभाग घ्या. तिथे हँडहेल्ड रीडरवर त्या एकाच क्रमांकाचा फिल्टर लावून पूर्ण पॉवरने सुरुवात करा. बीप दाट झाले की पॉवर उतरवत जवळ जा. मधेच आवाज बंद पडला तर रीडर ९० अंशांत फिरवून पाहा. टॅग बहुधा रीडरच्या अँटेनाला आडवा असतो.