सगळ्या गोळ्या एकाच माळेचे मणी नाहीत

तुमची कमेंट दोनदा वाचली. "मावशी ८ वर्षं गोळीवरून सुटत नाहीये, तुम्ही लोकांना नादी लावताय, त्यापेक्षा प्राणायाम करा म्हणावं" असं तुम्ही लिहिलंय. राग कळतो मला, आणि तो चुकीचा नाहीये. पण मावशींची गोळी, तुम्हीच लिहिलंय, क्लोनाझेपाम आहे. मी पोस्टमध्ये लिहिलं होतं ते चिंतेच्या आजारासाठी मी घेतलेल्या एस्सिटालोप्रामबद्दल.

दोन्ही चिंतेसाठीच देतात म्हणून लोकांना सारख्याच वाटतात, पण क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे तासाभरात धडधड शांत करतात आणि त्यामुळेच हात परत परत तिकडे जातो, मग हळूहळू तेवढ्या डोसने भागेनासं होतं. ती साधारण दोन-चार आठवडे आधाराला द्यायची गोळी, ८ वर्षं तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवली ह्यात मावशींचा काहीच दोष नाही. एस्सिटालोप्राम आज घेतली तर आज काही म्हणजे काही होत नाही, फरक कळायला दोन ते सहा आठवडे लागतात, तिची तलफ येत नाही.

एक मात्र मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. एस्सिटालोप्राम पण अचानक सोडली तर चक्कर येते, मळमळतं, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, त्यामुळे डोस उतरवत उतरवतच बंद करतात, तेही बरं वाटायला लागल्यावर सहा महिने ते वर्षभर घेऊन मग. आणि सुरुवातीला घाबरणं उलट वाढू शकतं. मला कोणी हे सांगितलंच नव्हतं, चौथ्या दिवशी मी पाकीट कपाटात टाकून दिलं, नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमपासून सुरू केलं तेव्हा जमलं.

प्राणायाम मीही करते हो. सीबीटी म्हणजे विचारांवर काम करणारी थेरपी तर चिंतेच्या आजारात गोळीच्या तोडीची आहे. पण रात्र रात्र डोळा लागत नव्हता तेव्हा मला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं, श्वास कुठला मोजणार!

आता महत्त्वाचं. चिडून मावशींची गोळी एकदम बंद करू नका, प्लीज. इतक्या वर्षांनी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. सायकियाट्रिस्ट थोडी थोडी कमी करतात, काही महिने लागतात पण सुटते. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६, फ्री आहे, मराठीत बोलता येतं. आणि मावशींसोबत स्वतः जा, जुन्या चिठ्ठ्या सापडतील तेवढ्या सगळ्या घेऊन.