प्रेमकादंबरी न वाचता तिच्यावर कसं बोलावं

वाचनाचं आव्हान घ्यायचं ठरवलंत, उत्तम. एक जानेवारीला वर्षात वाचायच्या पुस्तकांचा आकडा जाहीर करा आणि तो ५२च असू द्या. आठवड्याला एक, ऐकायला भारदस्त वाटतं. फक्त त्यामागचं गणित कुणाला करू देऊ नका. तीनशे पानांची कादंबरी म्हणजे साधारण ७५,००० शब्द. मिनिटाला दोनशेच्या वेगाने सव्वासहा तास. अशा ५२ म्हणजे ३२५ तास, दिवसाला तासाभराच्याही आत. इतकं सोपं निघालं तर मिरवायचं काय?

शिवाय आपलं वर्ष कोकणातलं. शिमगा झाला की आंबा, आंब्याबरोबर चाकरमानी, मग गणपती. मधे उरतो पाऊस, त्यात लाईट नसते. तेव्हा नोव्हेंबरात नऊच पुस्तकं झाली तर घाबरू नका. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर वर्षाचं लक्ष्य मधेच बदलता येतं. ५२चे ९ करा. स्वाभिमान आड आला तर नातवंडांची चोवीस पानी चित्रपुस्तकं आहेतच, मोजताना पुस्तक ते पुस्तक. नाहीतर दहा तासांचं ऑडिओबुक दुप्पट वेगाने लावा. नायिकेचा हुंदका उचकीसारखा ऐकू येईल, पण पाच तास वाचतील.

आता मत. प्रेमकादंबरीवर मत द्यायला ती वाचावी लागत नाही, ही या प्रकाराची मोठी सोय. ‘शेवट आधीच कळतो’ एवढं म्हणा. कळणारच, शेवटी दोघं एकत्र येणार हा तिथे वाचकाशी केलेला करार असतो. रहस्यकथेतही खुनी सापडणार हे ठरलेलंच, तरी तिला कुणी नावं ठेवत नाही. हे समोरच्याला सुचायच्या आत विषय बदला.

थोडं जाणकार दिसायचं असेल तर पुस्तक तीन चतुर्थांशावर उघडा, दोनशे पानी असेल तर दीडशेच्या आसपास. बहुधा तिथेच ताटातूट असते. कारण बघा: न पोचलेलं पत्र, दाराआडून अर्धवट ऐकलेलं बोलणं, बहिणीलाच प्रेयसी समजणं. एका फोनने मिटण्यासारखं असेल तर ‘लेखिकेने पानं भरली’ हे वाक्य तयार ठेवा. अडचण होते ती चांगल्या कादंबरीत. तिथे ताटातुटीचं मूळ पहिल्या पन्नास पानांत पेरलेलं असतं, म्हणजे तिला माहेरच्या कर्जाची लाज किंवा त्याला पुन्हा मुंबईची खोली नको असणं, आणि ते कळायला ती पन्नास पानं वाचावी लागतात. असली पुस्तकं चर्चेला घेऊच नका.

चर्चा अडली की फडके-खांडेकर वाद काढा. ना. सी. फडके कलेच्या बाजूचे, वि. स. खांडेकर जीवनाच्या. कलेसाठी कला की जीवनासाठी, यावर एकही कादंबरी न वाचता तासभर बोलता येतं. फक्त खांडेकर १९२० ते १९३८ वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते हे ध्यानात ठेवा. वेंगुर्ल्याच्या आसपास फडक्यांची बाजू जरा हळू आवाजात घ्यावी. ‘असल्या पुस्तकांनी पिढी बिघडते’ म्हणणारे एखादे गुरुजी असतातच. त्यांना लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरचा अश्लीलतेचा खटला आठवतो, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं ते आठवत नाही. आठवण करून देऊ नका, उगाच चहा लवकर येतो.

पुराव्याची सोय हवामानच करतं. मुखपृष्ठावरचं प्लॅस्टिकचं लॅमिनेशन दमट हवा शोषत नाही. आतल्या बाजूचा कागद शोषतो, फुगतो, आणि मुखपृष्ठ बाहेर वळतं. जुलैअखेर न उघडलेलं पुस्तकही दोनदा वाचल्यासारखं दिसतं. ते कपाटात दिसेल असं ठेवा, पण हातात देऊ नका. न वाचलेल्या पुस्तकाच्या कण्यावर एक सुरकुती नसते, आणि जाणता माणूस आधी तिथेच बघतो.

राहता राहिली चर्चेत बसायची जागा. वाचनालयातून आठवड्याला दोन प्रेमकादंबऱ्या नेणारी एक काकू प्रत्येक गावात असते. ती आव्हान घेत नाही, तारे देत नाही. वहीत नावं तेवढी लिहिते, तेच पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून. तुमचं बोलणं संपलं की ती विचारणार, ‘‘पण लग्नानंतर तिने नोकरी ठेवली की सोडली हो?’’ हे मलपृष्ठावर छापत नाहीत. दोन खुर्च्या सोडून बसा.