चांदीच का? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या इंदूरच्या दिवसांवरचा माझा लेख वाचून तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. फोटो घडवतो डेव्हलपर (फिल्म किंवा कागदावर चित्र उमटवणारं रसायन), चांदीचा मी उगाच उदोउदो केला, हा पहिला. लोखंडाच्या क्षारांवरही चित्र उमटतं, तेव्हा चांदीला मान आहे तो केवळ ती महाग म्हणून, हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत.

लोखंडाचं आधी. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये लोहक्षारांवर निळी चित्रं काढली, हे खरं आहे. इंजिनिअरांच्या ब्लूप्रिंट पुढे त्याच रीतीने निघाल्या. पण तो कागद निगेटिव्हखाली किंवा नकाशाखाली दाबून भर उन्हात कितीतरी मिनिटं ठेवावा लागतो. तिथे सगळं काम उजेडालाच करावं लागतं. जेवढा उजेड, तेवढाच बदल. कॅमेऱ्यात भिंगातून येणारा उजेड त्याला पुरत नाही.

सिल्व्हर ब्रोमाइड या चांदीच्या क्षाराचं तसं नाही. त्याच्या स्फटिकावर मोजके प्रकाशकण पडले, की चांदीचे चारेक अणू एका जागी जमतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग डेव्हलपर त्या स्फटिकातली सगळी चांदी मोकळी करतो, अब्जाच्या घरातले अणू. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागावं, तसं. शेजारच्या, उजेड न लागलेल्या स्फटिकापर्यंतही तोच डेव्हलपर पोचलेला असतो, पण तो स्फटिक तेवढ्या वेळात तसाच राहतो. कुठे काळं करायचं हे डेव्हलपरला कळतं ते चांदीने जपलेल्या त्या खुणेमुळे. चांदीचे क्षार उजेडाने काळे पडतात हे जर्मन शास्त्रज्ञ शुल्झने 1727 मध्येच दाखवलं होतं. ही न दिसणारी प्रतिमा इंग्रज संशोधक टॅलबटच्या हाती लागली 1840 मध्ये. माझ्या मते छायाचित्रणाला खरा वेग तिथून आला.

आता दीनदयाळ. 1866 मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायला आले, आणि पुढे तुकोजीराव होळकरांच्या (दुसऱ्या) प्रोत्साहनाने कॅमेऱ्याकडे वळले. त्या काळची ओली काच म्हणजे काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर, तो सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा आणि ओला असतानाच फोटो घ्यायचा. ती काच डेव्हलप व्हायची फेरस सल्फेटने, म्हणजे लोखंडाच्याच क्षाराने. लोखंड इथे आहेच, पण प्रकाश टिपायला नव्हे. आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या अल्ब्युमेन कागदावरचे प्रिंट? त्यांना डेव्हलपर लागतच नव्हता. निगेटिव्हखाली उन्हात ठेवलं की कागदातलं सिल्व्हर क्लोराइड आपसूक गडद व्हायचं, मग उरलेला क्षार हायपो नावाच्या रसायनाने काढून टाकायचा. सगळं डेव्हलपरच करत असेल, तर हे प्रिंट निघाले कसे?

महागाईचं एवढंच सांगतो. वापरलेल्या हायपोतून चांदी परत काढायचा खटाटोप लोकांनी केला, जुन्या एक्स-रे फिल्मही चांदीसाठीच विकत घेतल्या जातात. एवढी काटकसर करणाऱ्या धंद्याने तिच्या तोडीचा स्वस्त क्षार मिळता तर चांदी कधीच सोडली असती.

ओळखीच्या कुणाची डार्करूम चालू असेल तर एक करून बघा. लाल दिव्यात ब्रोमाइड पेपरवर किल्ली ठेवा, साधा दिवा क्षणभर लावून बंद करा आणि किल्ली उचला. कागद कोराच दिसेल. मग तो डेव्हलपरमध्ये टाका आणि काय दिसलं ते इथे जरूर लिहा.