‘सगळंच बंद करून ठेवलंय’ या दोन-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आमच्या मेलिंग लिस्टच्या सेवेबद्दल (एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सभासदांना पोचतो, ती) तुमच्या तक्रारी तीन आहेत: सभासदांची यादी फक्त ॲडमिनला दिसते, जुने मेल बाहेरच्यांना वाचता येत नाहीत, आणि तुम्ही पत्ता भरला तरी समोरच्याने कन्फर्मेशनच्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय तो सभासद होत नाही. ‘पैसे आमचे आणि कुलपं तुमची’ असंही तुम्ही लिहिलंय. कुलपं आमचीच आहेत. मुद्दाम लावलेली.

तुमच्या आधीच्या सर्व्हरवर मेलमन २ हे मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर होतं, असं तुम्ही म्हणता. त्यात यादी मुळातच प्रत्येक सभासदाला दिसते. फक्त सभासदांना दिसते म्हटल्यावर सुरक्षित वाटतं खरं, पण लिस्ट सर्वांना खुली असेल तर सभासद व्हायला एक फुकटचा मेल आयडी पुरतो. एखादा स्पॅमवाला आत येणार, सगळे पत्ते उचलणार आणि निघून जाणार. तुम्हाला पत्ताही लागणार नाही. सेटिंग नंतर बंद करता येईल, गेलेले पत्ते परत आणता येत नाहीत. (तेच मेलमन दर महिन्याला सभासदांना त्यांचा पासवर्ड साध्या मेलमध्ये आठवण म्हणून पाठवायचं. त्या काळी ही सोय वाटायची!)

जुन्या मेलमध्ये ‘@’ऐवजी ‘ॲट’ छापून भागेल, हा तुमचा उपाय पत्ते गोळा करणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) एका ओळीच्या कोडने उलटवतो.

कन्फर्मेशन मात्र तुमच्यासाठीही बंद होणार नाही. २०१६ मध्ये बॉट्सनी लोकांचे पत्ते हजारो फॉर्ममध्ये भरून त्यांचे इनबॉक्स बुडवले होते. ज्या लिस्ट न विचारता सभासद करून घेत होत्या, त्याच त्यात हत्यार ठरल्या. कन्फर्मेशनचा मेलसुद्धा असा वापरता येतो, म्हणून एका पत्त्यावर तो वारंवार जात नाही. शिवाय असे नको असलेले मेल गेल्यामुळे आमचा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे ज्यांचे मेल नाकारायचे त्यांच्या यादीत, गेला तर त्या सर्व्हरवरच्या इतरांचेही मेल अडतील.

जुने मेल खुले करणं तुमच्या हातात आहे: सेटिंगमध्ये ‘खासगीपणा’खाली एक टिक. मुक्त सॉफ्टवेअरच्या चर्चेसाठी तर ते खुलेच असावेत. फक्त टिक करण्याआधी सभासदांना कळवा. कित्येकांच्या सहीखाली मोबाइल नंबर असतो.