बिनपगारी फुल अधिकारी

साखळी सुपरमार्केटात सामान स्वस्त का मिळतं, याची कारणं सगळ्यांना पाठ असतात. घाऊक खरेदी, मोठी उलाढाल, कंपनीशी थेट व्यवहार. सगळी खरी. फक्त त्या यादीत एक हमाल गाळलेला असतो. माल शोधणारा, फळीवरून काढणारा, गाडी ढकलणारा, पिशव्या भरणारा आणि वर पैसे मोजून जाणारा. म्हणजे आपण.

याचं श्रेय क्लॅरेन्स सॉन्डर्स यांना. त्यांनी 1916 साली अमेरिकेत मेम्फिसला 'पिगली विगली' हे दुकान काढलं. तोवर गिऱ्हाईक काउंटरपाशी ऐटीत उभं राहून यादी सांगायचं आणि नोकर धावायचे. सॉन्डर्स यांनी गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि वाट अशी आखली, की सगळ्या फळ्यांचं दर्शन घेतल्याशिवाय सुटका नाही. पुढे टोपली जड झाली की खरेदी थांबते, हे ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन यांच्या लक्षात आलं. त्यांनी 1937 मध्ये चाकांची गाडी आणली. लोक तिला हात लावेनात, तेव्हा पगार देऊन काही माणसं दुकानात गाड्या ढकलत फिरवली. ट्रॉली ढकलण्याचे पैसे मिळालेली बहुधा तीच शेवटची माणसं.

तर नोकरी लागलीच आहे, निदान हत्यार तरी नीट निवडावं. ट्रॉलीचं पुढचं चाक फिरत नाही, कारण त्याच्या आसाभोवती केस, दोरे आणि पिशव्यांचे तुकडे गुंडाळलेले असतात. आत शिरण्याआधी रिकामी ट्रॉली एका हातानं चार पावलं ढकलून पाहा. रिकामी असतानाच एका बाजूला ओढत असेल, तर भरल्यावर ती तुम्हाला नेईल तिकडे जावं लागेल.

दूध बहुतेक ठिकाणी पार मागच्या भिंतीला असतं. त्याला एक सरळ कारण आहे, शीतपेट्या मागच्या गोदामातून भरायला सोपं पडतं. दुसरं कारण ते सांगत नाहीत. दुधापर्यंत जाताना वाटेत बिस्किटं लागतात. दूध पहिलं उचलायचा मोह टाळावा. थंड आणि गोठवलेले पदार्थ सगळ्यात शेवटी घ्यावेत, नाहीतर ट्रॉलीतच त्यांची समाधी ओली व्हायला लागते. माल भरताना जुना पुढे आणि नवा मागे, असा नियम असतो. म्हणून हात मागे घालावा. पण आजच संपवायचं असेल, तर पुढचंच घ्यायला हरकत नाही. कुणीतरी ते घ्यायलाच हवं, नाहीतर कचऱ्यात जातं.

खरी परीक्षा असते भावाची. डोळ्यांच्या उंचीवर जे दिसतं, ते दुकानाला विकायचं असतं. काही कंपन्या त्या जागेचे पैसेसुद्धा मोजतात. स्वस्त माल गुडघ्यापाशी असतो, म्हणून काटकसरी माणूस फळीसमोर कायम वाकलेला दिसतो. मोठा पुडा स्वस्त, ही आपली परंपरागत श्रद्धा. किमतीला वजनानं भागावं आणि श्रद्धा तपासावी. सवलत पुष्कळदा लहान पुड्यावर असते आणि मोठा पुडा नुसत्या आकारावर खपतो. त्यातही 500 ग्रॅमचा पुडा गुपचूप 450 ग्रॅमचा होतो, किंमत तीच. म्हणजे तोच ऐवज 11 टक्के महाग. वेष्टण मात्र 'नवे आकर्षक'! डबाबंद मालात तर पाकाचंही वजन असतं. भाव निथळलेल्या वजनावर काढावा, नाहीतर आपण पाणी घरी वाहून नेतो. 'दोनवर एक फुकट'चा हिशेबही सोपा आहे. तिन्ही संपणार असतील तर 33 टक्के सूट, तिसरा सडणार असेल तर सूट शून्य.

साखळीच्या स्वतःच्या नावाच्या मालाबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. मीठ, साखर, कापूस, कचऱ्याच्या पिशव्या यांत नावाचे पैसे का मोजावेत? चहाच्या बाबतीत प्रयोग लहान पुड्यावर करावा. घरात शांतता लागते.

मग रांग. लोक दुसऱ्यांच्या ट्रॉलीतलं सामान मोजतात; डोकी मोजावीत. वस्तू स्कॅन व्हायला क्षण लागतो, पण कार्ड शोधणं, सुटे काढणं, पिशवी उघडणं हे माणशी ठरलेलं असतं. पाच किरकोळ टोपल्यांपेक्षा दोन भरलेल्या ट्रॉल्या पुष्कळदा लवकर सुटतात. तरीही शेजारची रांग पुढे सरकणारच. तीन रांगा असतील आणि नशीब सारखं असेल, तर आपलीच सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. त्याला साडेसाती म्हणत नाहीत.

पट्ट्यावर माल ठेवताना जड आधी, अंडी शेवटी. त्याच क्रमानं पिशवी भरते. बारकोड चुरगळला किंवा त्यावर दंव साचलं, की यंत्र मुकं होतं. दंव पुसून पुडा ताणून द्यावा. तेही जमलं नाही, तर बहुतेक मालावरचे 13 आकडे हातानं टाकावे लागतात. शेवटचा आकडा आधीच्या 12 आकड्यांचा ताळा असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र साबणाच्या जागी मसाला लावत नाही, सरळ नकार देतं.

बिल तिथेच वाचावं. फळीवरचा सवलतीचा कागद आणि संगणकातला भाव यांची फारकत नेहमीची आहे. कागद काढायला माणूस लागतो, भाव वाढायला लागत नाही. मागचे लोक उसासे टाकतील, टाकू द्यावेत. आणि टिकाऊ वस्तू घेतली असेल, तर पावतीचा फोटो काढून ठेवावा. उष्णतेनं छापणारा तो कागद काही महिन्यांत कोरा होतो.

आता तर बिल करण्याचं कामही आपल्याकडे आलंय. स्वयंसेवा काउंटरवर पिशवीच्या जागेखाली वजनकाटा असतो. स्कॅन केलेल्या वस्तूचं वजन तिथे जुळलं नाही, की लाल दिवा लागतो. घरून आणलेली पिशवी न सांगता ठेवली, चिप्सचा पुडा फारच हलका निघाला किंवा कोपर टेकलं, तरी आपण संशयित. मग एक कर्मचारी येतो, किल्ली फिरवतो आणि निघून जातो. त्याला पगार असतो.