बटाट्याच्या शेतात उतरलेला माणूस खोटा नव्हता

गेल्या महिन्यात एक मेसेज बेळगावातल्या जवळजवळ प्रत्येक वाचक-शिक्षक ग्रुपवर येऊन गेला. निपाणीच्या मित्राकडून आला, खानापूरच्या मावसभावाकडून आला, शेवटी आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवरही आला. त्याचा सारांश असा: पहिल्या अंतराळवीरांवरच्या कथा-सिनेमांना वास्तव म्हणू नका. ती यानं पूर्ण आपोआप, कंप्यूटरवर चालायची, माणूस म्हणजे आत ठेवलेलं सामान. हाताने यान सावरणं, ऐनवेळचे बिघाड, भलत्याच ठिकाणी उतरणं हा सगळा मसाला. वास्तव एवढंच, की वर गुरुत्वाकर्षण नसतं आणि माणसं तरंगतात. आणि खरंखुरं लिहायला गेलं तर गोष्ट रटाळ होते, मुलांना ती देऊ नये.

एरवी मी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही. पण त्याच आठवड्यात आम्ही शाळकरी मुलांच्या विज्ञानकथा तपासत होतो. खानापूर तालुक्यातल्या आठवीतल्या एका मुलीची कथा होती, ओळीवहीची साडेतीन पानं. भादव्यात आजी शिवारात बटाटे काढतेय, नात बुट्टी धरून मागे आहे, आणि आभाळातून छत्रीला लटकलेला नारिंगी कपड्यांचा माणूस सरीत येऊन पडतो. आजी खुरपं उगारते. त्या पानावर आमच्यातल्याच एका परीक्षकाने लाल पेनाने लिहिलं होतं, ‘अवास्तव. अंतराळवीर यानातून उतरतो, छत्रीने नाही.’ विचारलं तर त्यांनी हाच मेसेज पुढे केला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी त्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. १२ एप्रिल १९६१ ला सोव्हिएत संघाचा युरी गागारिन, पहिला अंतराळवीर, ‘वोस्तोक’ यानातून गेला तेव्हा यान खरोखर आपोआप चालणारं होतं. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती, म्हणून हाताने चालवायची कळ कुलूपबंद होती. ती उघडायचा आकडा, १२५, एका बंद पाकिटात ठेवलेला. पण मोहिमेच्याच लोकांनी निघण्याआधी तो आकडा गागारिनला हळूच सांगून टाकला होता. यंत्रावर पूर्ण भरवसा असता तर असं कुणी केलं असतं का? एखाद्या कथेत हा प्रसंग वाचला असता तर आपण लेखकाच्या कल्पनेला दाद दिली असती.

आता कंप्यूटरचं. वोस्तोकमध्ये आज आपण म्हणतो तसला कंप्यूटर नव्हताच. अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ यानातही नव्हता, तो आला पुढच्या ‘जेमिनी’त. आपण पृथ्वीच्या कुठल्या भागावर आहोत हे गागारिनला एक छोटा पृथ्वीगोल दाखवत होता, घड्याळासारखा दातेरी चाकांवर फिरणारा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात गिअर कापणाऱ्या कुणालाही त्याचं चित्र दाखवा, तो अर्धा तास त्यावरून नजर हलवणार नाही. पहिल्या यानावर गोष्ट लिहिणाऱ्याने चकाकणारे स्क्रीन दाखवले तर ते चूक. दातेरी चाकं आणि खटके दाखवले तर ते बरोबर.

आणि ‘सामान’? मे १९६३ मधलं गॉर्डन कूपरचं उड्डाण घ्या. मर्क्युरीचं शेवटचं, २२ प्रदक्षिणांचं. शेवटाकडे विजेच्या बिघाडाने आपोआप दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली आणि आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. परत येताना यानाचा कोन जरा चुकला तर जळून खाक, नाहीतर भलतीकडे. कूपरने खिडकीतून क्षितिज आणि तारे बघून कोन धरला, वेळ मनगटावरच्या घड्याळावर मोजली, वेग कमी करणारी रॉकेटं हाताने पेटवली, आणि तो त्याची वाट बघत थांबलेल्या जहाजापासून साधारण सात किलोमीटरवर समुद्रात उतरला. माझ्या काकांनी उद्यमबागेत तीस वर्षं लेथ चालवली. ऑटोमॅटिक मशीन आल्यावरही ते मशीनपासून दोन पावलांवरच उभे असायचे, कान आवाजाकडे. कूपरची हकिगत त्यांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मशीन बंद पडल्यावरच कळतंय की रे माणूस कशाला ठेवलाय ते.”

बिघाड म्हणजे मसाला, या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आला, कारण त्यात माणसांनी सोसलेलं पुसून टाकलंय. ज्या गागारिनच्या प्रवासाला ‘आपोआप’ म्हणतात, त्याच प्रवासात परतताना यानाचा मागचा भाग वेळेवर सुटला नाही. तारांच्या जुडग्याने तो लटकत राहिला आणि तारा जळून तुटेपर्यंत, जवळजवळ दहा मिनिटं, यान गरागरा फिरत होतं. अमेरिकेच्या जॉन ग्लेनला १९६२ मध्ये प्रदक्षिणा चालू असताना जमिनीवरून वेगळ्याच सूचना येऊ लागल्या. उष्णतेपासून वाचवणारं कवच सैल झाल्याचा संकेत खाली दिसत होता. त्याला सगळं लगेच सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेरून जळते तुकडे जाताना त्याने पाहिले, आणि ते कवचाचे आहेत की त्यावर बांधलेल्या रॉकेटच्या पेटीचे, हे कळायला मार्ग नव्हता. संकेतच चुकीचा होता हे नंतर उघड झालं. पण ती काही मिनिटं त्या माणसाने एकट्याने काढली.

सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोवचं तर काय सांगावं. १८ मार्च १९६५ ला तो पहिल्यांदा यानाबाहेर अवकाशात गेला, बारा मिनिटं. बाहेर हवेचा दाब नाही, त्यामुळे पोशाख टायरसारखा फुगला, बोटं हातमोज्यांतून मागे सरकली, आत शिरता येईना. त्याने झडप उघडून पोशाखातली हवा थोडी थोडी सोडली, पाय आधी घालायचे ते सोडून डोकं आधी घातलं, आणि कसाबसा आत आला. मग उतरण्याची आपोआप यंत्रणा बिघडली. सोबतच्या पावेल बेल्यायेवने हाताने यान उतरवलं ते ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर लांब, उरलच्या बर्फाळ जंगलात. दोन रात्री त्यांनी तिथे काढल्या आणि शेवटी स्कीवरून चालत बाहेर आले. ‘रानात उतरणं हा मसाला’ म्हणणाऱ्याने चोर्ल्याच्या जंगलात एक रात्र नुसती डोळ्यांसमोर आणावी. आणि तिथे बर्फ नाही.

गुरुत्वाकर्षण नसतं, हे तर साफ चूक. चारशे किलोमीटर उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. यान आणि आतला माणूस एकाच वेगाने सतत पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखं होतं. पटत नसेल तर १९९५ च्या ‘अपोलो १३’ चित्रपटाचं बघा. त्यातली तरंगण्याची बरीच दृश्यं नासाच्या विमानात चित्रित केली, जे वर चढून खाली झेपावायचं आणि दर खेपेला वीस-पंचवीस सेकंद नट खरोखर तरंगायचे. ते विमान आपल्याच हवेत होतं, गुरुत्वाकर्षण कुठे गेलं नव्हतं. (त्या चित्रपटात अंतराळवीरांचं आपसातलं भांडण मात्र रचलेलं आहे, हेही सांगायला हवं. खरी माणसं त्याहून शांत होती.)

शिवाय पहिल्या यानांत पोहायला जागा होतीच कुठे? वोस्तोकचा गोळा २.३ मीटर व्यासाचा, त्यात खुर्ची आणि सामान. गागारिन पट्ट्यांनी बांधलेला होता. तरंगली ती त्याची पेन्सिल. ती सुटून गेली, मग लिहिणं बंद, टेपरेकॉर्डरवर बोलणं सुरू. मला तरंगणाऱ्या दहा माणसांपेक्षा ती एक हरवलेली पेन्सिल जास्त खरी वाटते.

राहिलं ‘खरं लिहिलं तर रटाळ’. अवकाशात गेलेली पहिली स्त्री, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा, जून १९६३ मध्ये तीन दिवस एकटी वर होती. त्याआधी ती यारोस्लावलच्या कापड गिरणीत कामगार होती आणि सुट्टीत पॅराशूटच्या उड्या मारायची. तिच्या सामानात टूथपेस्ट होती, ब्रशच नव्हता. वडगाव-शहापूरच्या ज्या मुली मागाच्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झाल्या त्यांना ही गोष्ट सांगा आणि कोण जांभई देतंय ते बघा. मी सांगितलीय. ब्रशपाशी हसल्या आणि ‘मग काय केलं तिनं?’ म्हणून तासभर सोडलं नाही.

आता लाल शेऱ्याचं. गागारिन यानात बसून उतरलाच नाही. वोस्तोकचा गोळा फार जोरात आपटणार होता, म्हणून साधारण सात किलोमीटर उंचीवर खुर्चीसकट बाहेर फेकलं जाऊन तो स्वतंत्र पॅराशूटने खाली आला. उड्डाणाच्या जागतिक विक्रमाच्या नियमानुसार वैमानिक यानासोबतच उतरायला हवा होता, म्हणून सोव्हिएत सरकारने हे कित्येक वर्षं लपवलं. आपल्या परीक्षकांच्या मनात आजही तीच लपवलेली गोष्ट खरी म्हणून बसली आहे. तो उतरला सारातोव भागात व्होल्गाकाठच्या शेतात. नारिंगी पोशाख, पांढरं हेल्मेट. त्याला पहिल्यांदा पाहिलं ते शेतात काम करणाऱ्या एका आजीने आणि तिच्या बारक्या नातीने, आणि त्या घाबरल्या. शेत बटाट्याचं होतं असंच सांगतात.

त्या मुलीला भेटायला मी गावी गेलो. तिला हे काहीच ठाऊक नव्हतं. आजीसोबत बटाटे काढताना जे सुचलं ते तिने लिहिलं होतं. लाल शेरा मी खोडला, गुण वाढवायला लावले, आणि गागारिनने त्या आजीला आधी फोन कुठे आहे म्हणून विचारलं, हे तिला सांगितलं. तिने वही पुढे ओढली, आजी खुरपं उगारते त्या ओळीखाली जागा नव्हती म्हणून समासात आडवं लिहिलं: ‘आजी म्हणाली, फोन सरपंचाच्या घरात हाय, पर आधी पाणी पी.’