सर, जरा तोंड सांभाळा की!

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल मॅचला राडा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मजकूर असतो. हुल्लडबाज समर्थक, दगडफेक, पोलिसांचा सौम्य लाठीमार, फुटबॉलला गालबोट. मग आठवडाभर चौकाचौकात चर्चा. पेठेतली पोरं बिघडली, मोबाईलनं वाट लावली, आईबापाचं लक्ष नाही. सगळ्यांच्या नावानं खडे फोडून होतात. एका माणसाचं नाव मात्र कुणी घेत नाही, तो म्हणजे शाळेच्या टीमचा कोच. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, खिशात टीमची यादी, आणि तोंडात जे असतं ते इथं लिहिता येणार नाही.

माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या सतरा वर्षांखालच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळतो. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू झाल्या की जमेल तेव्हा कामावर दांडी मारून मी मॅचला जातो. लाईनीच्या बाहेर छत्री धरून उभा राहतो. खेळ बघायला जातो, पण कानावर जे पडतं त्यानं मस्तकात तिडीक जाते.

"बॉल गेला तर जाऊ दे, माणूस जाता कामा नये." ही शिकवण जुनी आहे, आम्हीही ऐकलेली. तिचा अर्थ एवढाच होता की आपल्या माणसाला मोकळं सोडू नकोस, चिकटून राहा. आताचे सर त्यापुढं जातात. "त्या दहा नंबरला घोट्यावर दे एकदा, लंगडला पाहिजे." दहा नंबर म्हणजे कोण? मिसरूड न फुटलेलं पोरगं. त्याची आई पलीकडं डबा घेऊन उभी आहे. तिलाही ते ऐकू गेलंय.

आणि हे काही फक्त समोरच्या शाळेचे सर करतात असं नाही. आमचेही तेच. परवाच्या मॅचला आम्ही एक-शून्यनं पुढं होतो, शेवटची काही मिनिटं राहिली होती. सरांनी दोन्ही हात खाली दाबून इशारा केला, "झोप! झोप!" आमचा फॉरवर्ड, ज्याला कुणी बोटही लावलं नव्हतं, धाडकन चिखलात आडवा. पोटरी धरून विव्हळायला लागला. समोरच्या टीमचा एक पोरगा पळत आला. याच्या पायात गोळा आला असेल असं वाटून त्यानं याची टाच हातात धरली, पाय सरळ वर केला आणि पंजा मागं दाबायला लागला. अगदी मनापासून. "सोड सैल, सोड सैल" म्हणून धीर देत होता. हरत होता तो. एकेक सेकंद त्याचा वाया चालला होता. आणि आमचा पठ्ठ्या एक डोळा किलकिला करून सरांकडं बघतोय, उठू का? सरांनी मान हलवली, अजून नको.

मॅच सुटल्यावर सरांनी त्याची पाठ थोपटली. "डोकं वापरलंस बघ." आणि बाकीच्या टीमला सांगितलं, "ह्याच्याकडनं शिका." शिकतील की. नक्की शिकतील. पाय दाबणारं ते पोरगंही शिकलं असेल, पुढच्या वेळी कुणी पडला तर जवळ जायचं नाही. खरोखरच कुणाची नडगी मोडली तरी नाही.

त्याच्या आधीची एक फेरी तर याहून भारी. समोर लांबच्या खेड्यातली शाळा. सकाळच्या एसटीनं आलेली पोरं. निम्म्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट, गोलकीपरला ग्लोव्हज नाहीत, जर्सीवरचे नंबर मार्करनं काढलेले. हाफ टाइमला आम्ही सहा गोलनं पुढं. मला वाटलं, आता सर राखीव पोरांना उतरवतील. बाकावर बसून बसून ती कंटाळली होती, वर्षभर पहाटे उठून प्रॅक्टिसला येतात बिचारी. कसचं काय! तीच टीम, तोच धडाका, आणि सर लाईनीवरून ओरडतायत, "थांबू नका रे, अजून हाणा, गोल फरक वाढवा!"

अहो सर, बाद फेरीची मॅच होती ती, हरला की घरी. बाद फेरीत गोल फरक नेऊन कुणाला दाखवायचा होता?

अकरा-शून्य झालं. शेवटी त्यांचा गोलकीपर जाळीतून बॉल काढायलाही जाईना. आमची पोरं टाळ्या पिटून हसली आणि सरही हसले. राखीव पोरं तशीच कोरड्या जर्सीत घरी गेली.

असं फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही म्हणा. अमेरिकेत हायस्कूलचा फुटबॉल म्हणजे गावाचा उरूसच. तो हेल्मेटवाला फुटबॉल, पण रोग हाच. २०२१ साली कॅलिफोर्नियात इंगलवूडच्या हायस्कूलनं मॉर्निंगसाइडला १०६–० असं धुतलं. १०४ झाल्यावरही एका गुणाची साधी किक न मारता जादा दोन गुणांसाठी गेले. फरक इतकाच की तिकडं त्यावर ओरड झाली, स्पर्धा घेणाऱ्या संस्थेनं निषेध केला, शाळेला माफी मागावी लागली. आपल्याकडं दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागतो. दणदणीत विजय! वर संस्थापकांचा फोटो, मध्ये नगरसेवकांचा, खाली कोपऱ्यात पोरांचे चेहरे, ओळखू येणार नाहीत एवढे बारीक.

वयाच्या भानगडीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतोच. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत दाढी करून आलेला खेळाडू ज्यानं पाहिला नसेल त्यानं हात वर करा. जन्मदाखला, आधार, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का, सगळं व्यवस्थित. मोठ्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासतात, ते उगाच नाही. हे कागद जुळवतं कोण? पोरगं जातं का महापालिकेत? मोठी माणसं जुळवतात, आणि त्यांत बऱ्याचदा सर पुढं असतात. मैदानात पाय ठेवायच्या आधीच पोराला पहिला धडा मिळतो, कुणी जन्मतारीख विचारली तर काय सांगायचं. तोच पोरगा उद्या पेनल्टी बॉक्समध्ये खोटा पडला तर कुठल्या तोंडानं रागावणार त्याला?

आता पंचांचं घ्या. शालेय मॅचला पंच म्हणून बऱ्याचदा कॉलेजातलं पोरगं असतं, नुकतंच परीक्षा पास होऊन शिट्टी हातात घेतलेलं. मानधन किती ते विचारूच नका. ऑफसाईड दिला की दोन्हीकडचे सर एकदम अंगावर. "आंधळा आहेस का?" ही त्यातल्या त्यात सभ्य भाषा. सर ओरडले की बाकावरची पोरं ओरडतात, पोरं ओरडली की पालक, आणि पालकांना बघून मैदानाच्या कुंपणावर बसलेले रिकामटेकडे. हाच तो राडा, फक्त लहान वयातला. शाहू स्टेडियमला तो वाढून पोहोचतो.

नियम नाहीत असं नाही. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमावलीत स्पष्ट आहे, कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. त्यातही एक झकास तरतूद आहे. बाकावरून कुणीतरी शिवी घातली आणि नक्की कोण ते कळलं नाही, तर कार्ड तिथं हजर असलेल्या मुख्य कोचला. म्हणजे तुझ्या बाकाची जबाबदारी तुझी. पण आमच्याकडं ते पोरगं कार्ड काढणार कसं? ज्या सरांना दाखवायचं ते आयोजकांच्या शेजारी बसून चहा पितात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मॅचला तेच पंच म्हणून उभे असतात. वर्षानुवर्षांची ओळख, एकमेकांच्या शाळांत एकमेकांच्या मॅचेस. कार्ड राहतं खिशात, शिव्या राहतात मैदानावर.

आणि एक नवीन फॅड. निर्णय विरुद्ध गेला की टीम बाहेर. "चला रे, खेळायचंच नाही आपल्याला!" हे कुठून आलं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२३, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची बाद फेरी, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम. बंगळुरूच्या सुनील छेत्रीनं जादा वेळेत पटकन फ्री किक मारून गोल केला, केरळ ब्लास्टर्स भिंत लावत बसले होते. त्यांचे कोच वुकोमानोविच यांनी सगळी टीमच मैदानाबाहेर नेली. महासंघानं क्लबला चार कोटींचा दंड केला, कोचवर दहा सामन्यांची बंदी घातली. दंडाचा आकडा आमच्या सरांच्या लक्षात नाही. टीम बाहेर कशी काढायची तेवढं नेमकं लक्षात आहे.

टीव्हीवरचंच बघून शिकायचं असेल तर दुसरंही होतं की. २८ एप्रिल २०१९, इंग्लंडची दुसऱ्या श्रेणीची लीग, लीड्स विरुद्ध ॲस्टन व्हिला. व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडलेला, लीड्सवाले थांबतील असं वाटून व्हिलाची पोरं सैलावली आणि लीड्सनं गोल केला. मैदानावर हाणामारीची वेळ आली. लीड्सचे कोच मार्सेलो बिएल्सा लाईनीवर येऊन आपल्याच टीमवर ओरडले, त्यांना गोल करू द्या. सगळे बाजूला झाले, आणि लीड्सचाच एक बचावपटू चिडून आडवा जायला बघत होता तरी गोल झाला. मॅच १–१ सुटली. थेट वरच्या लीगमध्ये जायची उरलीसुरली आशा तिथंच संपली. त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार बिएल्सा आणि लीड्सला मिळाला. त्या बचावपटूला पटलं नव्हतं हे महत्त्वाचं. खेळाडूला रागाच्या भरात पटणार नाहीच. म्हणून तर कोच पाहिजे ना?

मला सरांची बाजू कळत नाही असं समजू नका. बरेचसे कोच करारावर आहेत. ट्रॉफी आली नाही तर जूनमध्ये दुसराच माणूस मैदानावर दिसतो. संस्थेला फ्लेक्स पाहिजे. पालकांना दहावीचे खेळाचे वाढीव गुण पाहिजेत, त्यासाठी टीम पुढच्या पातळीवर जायला पाहिजे. आणि २०१७ ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळल्यापासून तर घराघरात स्वप्न शिरलंय. चांगलंच आहे. पण अनिकेतला खोटं पडता येत होतं म्हणून घेतलं नव्हतं तिथं! तो अख्खं मैदान धावायचा.

पगार कमी, नोकरी कच्ची, सगळं मान्य. पण "घोट्यावर दे" म्हणायला कुठली संस्था लावते?

राग येतो तो याचाच, की या माणसाच्या हातात केवढी ताकद आहे आणि तो तिचं काय करतोय. माझा मुलगा माझं ऐकत नाही. पहाटे ऊठ म्हटलं तर पांघरूण डोक्यावर ओढतो. सरांनी पावणेसहाला बोलावलं की साडेपाचला बूट घालून दारात. दूध पी म्हणून आई वर्षभर ओरडली, ऐकलं नाही. सरांनी एकदा सांगितलं, आता दोन ग्लास पितो. या वयात पोरं आईबापाला जुमानत नाहीत, बाकीच्या शिक्षकांची नक्कल करतात, पण मैदानावरच्या सरांसाठी जीव टाकतात. हे सर एकदा म्हणाले असते, "अरे, तो तुझा पाय दाबतोय, ऊठ आणि त्याला हात दे," तर ते पोरगं जन्मभर विसरलं नसतं.

त्या मॅचनंतर मी न राहवून सरांना गाठलं. "सर, पोरं लहान आहेत हो. पडायला कशाला शिकवताय?"

सर हसले. "अहो, ईर्ष्या पाहिजे ना खेळात! तुम्ही डबा द्या, बाकी माझ्यावर सोडा."

सोडलंच होतं की तुमच्यावर. घरी जेवताना मुलगा मला म्हणाला, "पप्पा, पंच मागच्या बाजूला असला की शर्ट ओढायचा, त्याला दिसत नाही." ताटातलं चपातीचं तुकडं मोडत, गणिताची रीत सांगावी तसं सांगत होता. त्यात काही चुकीचं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या पालक सभेत मी मुख्याध्यापकांना लेखी देणार आहे. सरांना काढा असं नाही लिहिणार. एवढंच, की पंचांना शिवी दिली तर पुढच्या मॅचला सर बाकावर नकोत. सहा गोलनं पुढं असताना राखीव पोरं मैदानात दिसली पाहिजेत. आणि "झोप" हा शब्द परत ऐकू आला तर मी स्वतः लाईनीच्या आत येणार, काय कारवाई करायची ती करा. आणि कृपा करून "तुमचा पोरगा टीममध्ये आहे ना, मग गप्प बसा की" हे सांगायला कुणी येऊ नका. ते परवाच्या मॅचला सांगून झालंय, तेही सरांच्या देखत, आणि सर मान डोलवत होते.